महापे येथील सहा मेगावॉटचे डेटा सेंटर : शीतकरण आणि वीज यांचा आराखडा एकत्र कसा मांडावा?

प्रश्न : ‘यंत्रविभाग’, ठाणे

नमस्कार. गेली चौदा वर्षे मी औषध कारखाने आणि रुग्णालये यांच्या वातानुकूलनाचे आराखडे करतो आहे. डेटा सेंटरचे काम मात्र प्रथमच हाती आले आहे. जागा ठाणे-बेलापूर पट्ट्यात, महाप्याच्या औद्योगिक क्षेत्रात आहे. इमारत तळघर, तळमजला आणि वर चार मजले अशी आहे. पूर्ण क्षमतेला सर्व्हरचा भार ६ मेगावॉट असेल, पण पहिल्या वर्षी तो दीड-दोन मेगावॉटच्या पुढे जाणार नाही. पीयूई, म्हणजे केंद्राची एकूण वीज भागिले सर्व्हरची वीज, १.३ च्या आत असावा आणि रचना अपटाइम इन्स्टिट्यूटच्या टिअर ३ च्या (कोणतेही एक यंत्र देखभालीसाठी काढले तरी सर्व्हर चालू राहण्याच्या) कसोटीला उतरावी, अशा दोन अटी मालकांनी घातल्या आहेत.

माझ्या सवयीप्रमाणे मी ७ अंशांचे थंड पाणी आणि २२ अंशांची खोली धरून गणित सुरू केले. त्यात पीयूई १.५ च्या खाली येत नाही. हवेने थंड होणारे चिलर, म्हणजे पाणी गार करणारी यंत्रे, गच्चीवर ठेवावेत की कूलिंग टॉवरसह पाण्याने थंड होणारे घ्यावेत, याचा निर्णय मला करायचा आहे. विद्युत सल्लागार वेगळे आहेत. ‘तुमचा किलोवॉटचा आकडा द्या, म्हणजे आम्ही जनित्रे ठरवतो’ एवढेच त्यांचे मागणे आहे. पण हा एक आकडा देऊन माझे काम संपते, असे मला वाटत नाही. शिवाय वास्तुरचनाकारांनी जनित्रे आणि डिझेल तळघरात दाखवले आहे. ज्यांनी अशी केंद्रे उभी केली आहेत किंवा चालवली आहेत, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : ‘शीतजल’, पुणे

आपली शंका रास्त आहे. पण ७ अंशांचा आग्रह आधी सोडावा लागेल, कारण पुढचे जवळपास सगळे त्याच आकड्यावर अवलंबून आहे.

रुग्णालयात थंड पाण्याला हवेतील बाष्पही काढायचे असते, त्यामुळे तिथे ७ अंश योग्य ठरतात. सर्व्हर घाम गाळत नाहीत. त्यांची उष्णता पूर्णपणे कोरडी असते. ॲश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या अमेरिकी संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांत सर्व्हरच्या तोंडाशी येणाऱ्या हवेसाठी १८ ते २७ अंश ही शिफारस २००८ पासून आहे, आणि दवबिंदूची, म्हणजे ज्या तापमानाला हवेतील बाष्पाचे थेंब धरतात त्याची, वरची मर्यादा १५ अंश आहे. म्हणजे सर्व्हरच्या पुढ्यात २४-२५ अंशांची हवा दिली, तर थंड पाणी १८ ते २० अंशांचे असले तरी भागते. हे पाणी खोलीच्या दवबिंदूपेक्षा गरम असल्यामुळे कॉइलवर थेंबही धरत नाही आणि सगळे शीतकरण सर्व्हरच्या कामी येते. बाहेरून घ्यावी लागणारी थोडी ताजी हवा मात्र वेगळ्या छोट्या यंत्रात, कमी तापमानाच्या कॉइलवर कोरडी करून मगच आत सोडावी. जुलै महिन्यात ठाणे खाडीच्या काठी बाहेरचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. ही हवा न सुकवता आत आली तर वरचा सगळा हिशेब कोसळतो.

याला एक अट आहे. थंड हवा आणि गरम हवा एकमेकींत मिसळता कामा नयेत. एका मेगावॉटची उष्णता १२ अंशांच्या फरकाने हवेतून वाहून न्यायची, तर सेकंदाला सुमारे ७० घनमीटर हवा फिरवावी लागते. रॅकमधील रिकाम्या जागांना झाकणे नसतील आणि केबलच्या छिद्रांना ब्रश-पट्ट्या नसतील, तर यातली बरीच हवा काम न करताच परत येते. मग लोक पाण्याचे तापमान खाली ओढतात. हा खर्च वर्षानुवर्षे चालतो, आणि मुळाशी असते दोनशे रुपयांचे न लावलेले झाकण.

आता चिलरचा प्रश्न. सर्व्हरचे ६ मेगावॉट आणि त्यात यूपीएस, पंखे यांची भर धरली तर सुमारे ६.६ मेगावॉट उष्णता बाहेर टाकायची आहे, म्हणजे शीतकरणाच्या मापात १,९०० टनांच्या जवळपास. २० अंशांच्या पाण्यावर हवेने थंड होणारे चांगले चिलर आपल्या हवामानात वर्षाच्या सरासरीने एका युनिटमागे पाच युनिट उष्णता काढतील, असे मी धरतो. कूलिंग टॉवरच्या रचनेत टॉवरचे पंखे आणि पंप धरूनही हा आकडा सव्वासहाच्या आसपास जातो. फरक सुमारे पावणेतीनशे किलोवॉटचा, म्हणजे दिवसाला साडेसहा हजार युनिटांचा पडतो. पण टॉवर बाष्पीभवन आणि निचरा मिळून दिवसाला पावणेतीन ते तीन लाख लिटर पाणी पितात. वाचवलेल्या प्रत्येक युनिटमागे चाळीस-पंचेचाळीस लिटर पाणी जाते, असा त्याचा अर्थ. बारवी धरणाचे पिण्याजोगे पाणी यासाठी वापरणे मला पटत नाही. नवी मुंबई महापालिकेचे अतिशुद्ध केलेले सांडपाणी आपल्या भूखंडापर्यंत मिळण्याची लेखी खात्री असेल, तरच मी टॉवर निवडेन. तेव्हाही किमान एका दिवसाच्या पाण्याची टाकी आवारात हवी, कारण टिअर ३ च्या दृष्टीने पाणी हाही विजेसारखाच पुरवठा आहे.

थंड देशांतील केंद्रांचे १.१ चे आकडे पाहून कोणी प्रश्न विचारला, तर त्यांना मुंबईचे वेट बल्ब तापमान, म्हणजे बाष्पीभवनाने हवा जास्तीत जास्त जिथवर थंड होऊ शकते ते तापमान, दाखवा. पावसाळ्याच्या तोंडावर ते २८ अंशांपर्यंत जाते. टॉवरमधून येणारे पाणी त्याहून तीन-चार अंश गरमच राहणार. नुसत्या बाष्पीभवनाने २० अंशांचे पाणी मिळवणे इथे वर्षभर जवळपास अशक्य आहे. माझ्या अंदाजाने पूर्ण भाराला टॉवरसह १.२८ आणि हवेच्या चिलरसह १.३४ च्या आसपास पीयूई येईल. पहिल्या वर्षी, २५-३० टक्के भाराला, यापैकी कोणताही आकडा येणार नाही. म्हणून करारात पीयूई एकाच आकड्यात लिहू नका. २५, ५०, ७५ आणि १०० टक्के भारासाठी वेगवेगळा लिहा, नाहीतर पहिल्याच वर्षी वाद होईल.

एक गोष्ट जाता जाता. महाप्याच्या हवेत खाडीचा सल्फरयुक्त वायू आणि कारखान्यांचे धूर दोन्ही असतात. जागा ताब्यात येताच तांब्याच्या आणि चांदीच्या पट्ट्या महिनाभर टांगून प्रयोगशाळेत तपासून घ्या. महिन्याला तांब्यावर ३०० अँगस्ट्रॉम आणि चांदीवर २०० अँगस्ट्रॉमपेक्षा कमी थर, ही सौम्य हवेची मर्यादा मानली जाते. मी एका ठिकाणी काढलेली चांदीची पट्टी चार आठवड्यांत जुन्या पैंजणासारखी काळी पडली होती. तिथे ताज्या हवेच्या यंत्रात रासायनिक गाळणी बसवावी लागली आणि त्यासाठी जागा ठेवलेली नव्हती.

उत्तर : ‘रोहित्र’, डोंबिवली

मी विद्युत बाजूचा आहे. किलोवॉटचा एकच आकडा मागणाऱ्या माझ्या सहव्यावसायिकांशी मी सहमत नाही. जनित्र ठरवताना मला तीन आकडे लागतात. ऐन उन्हाळ्यातील कमाल भार, भार टप्प्याटप्प्याने येण्याचा क्रम, आणि वीज गेल्यापासून चिलर पुन्हा पूर्ण थंडावा देईपर्यंत जाणारी मिनिटे. तिसरा आकडा यांत्रिक सल्लागाराशिवाय कोणीच देऊ शकत नाही.

आपल्या केंद्राचे ढोबळ गणित असे मांडता येईल. सर्व्हर ६ मेगावॉट, यूपीएसचे नुकसान आणि बॅटऱ्यांचे पुनर्भरण मिळून ०.७, हवेचे चिलर भर उन्हात १.६५, पंप व पंखे ०.३५ आणि किरकोळ ०.२. बेरीज ८.९ मेगावॉट होते. चिलरचा वार्षिक सरासरी आकडा इथे वापरू नये. वीज नेमकी मे महिन्याच्या दुपारीच जाईल, असे धरूनच जनित्र निवडावे लागते. जनित्राच्या पाटीवरील किलोवॉट कोणत्या दर्जाचे आहेत, हेही पाहावे. आयएसओ ८५२८ मधील ‘प्राइम’ दर्जात चोवीस तासांचा सरासरी भार पाटीवरील आकड्याच्या ७० टक्क्यांपर्यंतच अपेक्षित असतो, तर त्याच मानकात डेटा सेंटरसाठी स्वतंत्र दर्जाही आहे. टिअर ३ मध्ये आवारातील जनित्रे हाच विजेचा मूळ स्रोत मानला जातो आणि बाहेरून येणारी वीज हा स्वस्त पर्याय मानला जातो. पुष्कळ मालकांना हे उलटे वाटते, पण आपल्याकडच्या अनुभवाशी ते जुळते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईचा मोठा भाग अंधारात गेला, तेव्हा मूळ बिघाड कळवा-पडघा परिसरातील ४०० केव्हीच्या पारेषण वाहिन्यांशी निगडित होता. ज्यांच्याकडे दोन वेगवेगळ्या उपकेंद्रांचे दोन फीडर होते, त्यांचेही दोन्ही फीडर एकदमच गेले, कारण वरच्या पातळीवर त्यांचा उगम एकच होता. फीडर दोन घ्यावेत, पण नकाशावर ते कोणत्या ठिकाणी एक होतात ते आधी शोधावे.

तळघराबाबत माझे मत स्पष्ट आहे. जनित्रे, यूपीएस, स्विचगिअर आणि इंधनाचे पंप यांपैकी काहीही तळघरात नको. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आपल्या भागात काम करणाऱ्याने हा आकडा टेबलावर लिहून ठेवावा. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळात न्यूयॉर्कच्या दक्षिण मॅनहॅटनमध्ये वरच्या मजल्यांवरील जनित्रे सुस्थितीत होती, पण इंधन वर चढवणारे पंप तळघरात बुडाले आणि माणसांना जिन्याने डिझेलचे डबे वाहावे लागले. ८ मेगावॉटच्या सरासरी भाराला ४८ तासांसाठी सुमारे एक लाख लिटर डिझेल लागते. एवढ्या साठ्याला ‘पेसो’चा, म्हणजे केंद्र सरकारच्या पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटनेचा, परवाना आवश्यक आहे, आणि जमिनीतील टाक्यांचे सुरक्षा-अंतर भूखंडाचा मोठा भाग खाते. म्हणून हा विषय वास्तुरचनाकारांकडे आजच न्यावा. पावसाळ्यात भूजल वर आले की अर्धी रिकामी टाकी उचलली जाते. तिला काँक्रीटच्या पायाला पट्ट्यांनी जखडण्याचा तपशील स्थापत्य अभियंत्यांकडून मागून घ्या.

यूपीएससाठी 2एन रचना सर्वांना सोपी वाटते. दोन पूर्ण बाजू, प्रत्येकीवर जास्तीत जास्त निम्मा भार. पण पहिल्या वर्षी आपला भार पावणेदोन मेगावॉट असेल, तर प्रत्येक बाजूवर पंधरा टक्केही येणार नाही. मॉड्युलर यूपीएस घेऊन मॉड्यूल भारानुसार वाढवावेत, हेच मला योग्य वाटते. कमी भाराचा आणखी एक त्रास आहे. सर्व्हरचे आधुनिक पॉवर सप्लाय आणि यूपीएसचे फिल्टर हलक्या भाराला लीडिंग पॉवर फॅक्टर दाखवतात, म्हणजे त्यांचा विद्युतप्रवाह व्होल्टेजच्या पुढे धावतो. महावितरणच्या पुरवठ्याला त्याचे काही वाटत नाही. जनित्राचा अल्टरनेटर मात्र थोडाच लीडिंग भार सोसतो. त्यापलीकडे व्होल्टेज वर चढते आणि संरक्षण यंत्रणा जनित्र बंद करते. चिलर आणि पंप आधी जनित्रावर आणले तर त्यांचा भार याला तोलून धरतो, म्हणून भार येण्याचा क्रम आपण दोघांनी मिळून लिहायचा असतो.

शेवटी गच्चीविषयी. जनित्रे आणि हवेचे चिलर एकाच गच्चीवर शेजारी ठेवू नका. एरवी जनित्रे बंद असतात, त्यामुळे चिलर उत्तम चालतात आणि चाचणीत कोणाला काही दिसत नाही. वीज गेली की जनित्रांच्या रेडिएटरची गरम हवा चिलरच्या कॉइलमध्ये ओढली जाते आणि नेमक्या त्याच वेळी ते उच्च दाबावर बंद पडतात. कॉइलसाठी मी ४५ अंशांची हवा धरायला सांगतो. १९ जुलै २०२२ रोजी लंडनमध्ये पारा ४० अंशांवर गेला, तेव्हा तिथल्या नामांकित केंद्रांचे शीतकरण कोलमडले. आपल्याकडे ४० अंश हा अपवाद नाही.

उत्तर : ‘रात्रपाळी’, ऐरोली

मी आराखडे करत नाही. अकरा वर्षे एका केंद्राची देखभाल पाहिली, त्यातली एक दुपार इथे लिहितो, कारण वरच्या दोन्ही उत्तरांच्या मधोमध ती घडली होती.

वीज गेली नव्हती. पुरवठ्यात जेमतेम अर्ध्या सेकंदाचा खड्डा पडला. यूपीएसने सर्व्हर सांभाळले. व्होल्टेज लगेच परत आल्यामुळे जनित्रांना सुरू होण्याचा आदेशच गेला नाही. पण तेवढ्या खड्ड्यात चालू असलेले तिन्ही चिलर अंडरव्होल्टेजवर बंद पडले, आणि पंप यूपीएसवर नसल्यामुळे तेही थांबले. चिलरच्या नियंत्रकांना स्वतंत्र बॅटरी-पुरवठा नव्हता. ते आधी शून्यापासून सुरू झाले आणि मग कॉम्प्रेसरच्या पुनरारंभाची ठरलेली वेळ मोजत बसले. नियंत्रण कक्षात पडद्यावर एका मिनिटात चारशेहून अधिक इशारे आले, त्यांत ‘थंड पाण्याचा प्रवाह शून्य’ ही ओळ तिसऱ्या पानावर होती. मी हॉलमध्ये गेलो तेव्हा पंखे पूर्ण वेगाने फिरत होते आणि थंड बाजूच्या गल्लीत तोंडावर येणारी हवा कोमट होती. आठ मिनिटांत रॅकच्या वरच्या भागातील हवा २३ वरून ३८ अंशांवर गेली. तापलेले सर्व्हर स्वतःहून बंद होऊ लागले. विजेच्या नोंदवहीत त्या दिवशी ‘पुरवठा अखंड’ असेच लिहिलेले आहे.

मागाहून गणित केले तेव्हा कारण उमगले. १,५०० घनमीटरच्या हॉलमध्ये जी हवा आहे तिला एक अंश तापवायला १,८०० किलोज्यूल पुरतात. एक मेगावॉट भार असेल तर नुसती हवा दर दोन सेकंदांना एका अंशाने चढेल. भिंती, रॅक आणि कॉइलमधील उरलेले पाणी थोडी मिनिटे मिळवून देतात, इतकेच. आमच्या यूपीएसच्या बॅटऱ्या पंधरा मिनिटांच्या होत्या आणि मालकांना त्यांचा मोठा आधार वाटत असे. थंड पाणी नसेल तर त्या पंधरांतली शेवटची दहा मिनिटे सर्व्हर भाजण्याच्याच कामी येतात.

आम्ही नंतर तीन गोष्टी केल्या. पंप आणि हॉलमधील पंखे एका वेगळ्या, यांत्रिक भारासाठीच्या यूपीएसवर घेतले. चिलरच्या नियंत्रकांना यूपीएसचा पुरवठा दिला, त्यामुळे पुनरारंभ दोन-अडीच मिनिटांवर आला. आणि थंड पाण्याची साठवण टाकी बसवली. तिसरी गोष्ट चालू केंद्रात करताना फार हाल झाले, कारण क्रेनला आत यायला वाट नव्हती.

‘यंत्रविभाग’

तिघांचेही मनापासून आभार. ७ अंशांची सवय आणि तळघर या दोन्हींवर मी आज फुली मारली आहे. दोन गोष्टी अजून विचारतो. साठवण टाकी नेमकी किती मोठी धरावी? आणि मालकांच्या एका संभाव्य ग्राहकाला जीपीयूचे, म्हणजे एआयच्या कामासाठीच्या चिपचे, रॅक आणायचे आहेत. त्यासाठी आजच काय राखून ठेवावे?

उत्तर : ‘शीतजल’, पुणे

टाकीचा आकार सरळ काढता येतो. ६.६ मेगावॉट उष्णता सहा मिनिटे पेलायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पाण्यात १० अंशांचा फरक असेल, तर सुमारे ५७ घनमीटर पाणी लागते. टाकीत गरम आणि थंड पाण्याचे थर थोडे मिसळतातच, म्हणून ७५ घनमीटर धरा. पाण्याच्या तापमानातील फरक ५ अंशांवर आणला तर हीच टाकी दुप्पट होते. मोठा फरक राखण्याचे हे आणखी एक कारण. टाकी उभी आणि उंच असावी आणि पाणी तिच्यातून नेहमीच वाहते असावे. झडप उघडल्यावरच कामाला येणारी टाकी मला नको वाटते, कारण ती झडप वर्षभर कोणी हलवत नाही.

जीपीयूच्या रॅकचे प्रमाण वेगळे आहे. एनव्हिडियाच्या जीबी२०० पिढीतील ७२ जीपीयूंचा एक रॅक सुमारे १२० किलोवॉट घेतो. आपल्या नेहमीच्या ६ ते १० किलोवॉटच्या रॅकशी तुलना केली की हवेने हे का जमत नाही ते दिसते. तिथे पाणी थेट चिपवरील धातूच्या पट्ट्यांपर्यंत न्यावे लागते. माझ्या मते आपल्या किनारपट्टीसाठी ही चांगली बातमी आहे. चिपला ३२ ते ४० अंशांचे पाणीही पुरते, आणि ४० अंशांचे पाणी तर मुंबईत वर्षातील बहुतेक दिवस चिलरशिवाय, टॉवरशिवाय, नुसत्या कोरड्या कूलरमधून मिळू शकते. बाकी वेळी चिलरची थोडी मदत घ्यावी. म्हणून गरम पाण्याची वेगळी वाहिनी टाकण्यासाठी शाफ्टमध्ये आणि गच्चीवर आजच जागा राखा. ती १८ अंशांच्या वाहिनीत मिसळली तर सगळा फायदा जातो. उष्णतेचा पाचवा-सहावा हिस्सा तरीही हवेतच येतो, त्यामुळे हॉलमधील पंखे पूर्ण काढता येणार नाहीत. असा भरलेला रॅक सव्वा टनाहून जड असतो, हे स्थापत्य अभियंत्यांना स्लॅब ओतण्यापूर्वी सांगा.

‘रात्रपाळी’ यांनी लिहिलेली आठ मिनिटे इथे आठ सेकंदांवर येतात, कारण त्या पट्ट्यांत पाणी अगदी थोडे असते. रॅकजवळचे पंप विनाखंड यूपीएसवरच हवेत.

उत्तर : ‘रोहित्र’, डोंबिवली

त्याला जोडून एकच. एआयच्या प्रशिक्षणाच्या कामात सगळे जीपीयू एकदम चालतात आणि एकदम थांबतात, त्यामुळे भार सेकंदाच्या अंशात मेगावॉटनी वरखाली होऊ शकतो. ग्राहकाकडून या चढउताराचा आलेख लेखी मागा आणि जनित्र व यूपीएसच्या उत्पादकांना तोच दाखवून वारंवारितेची हमी घ्या. लिथियम-आयन बॅटऱ्या घेणार असाल तर त्यांची खोली आगप्रतिबंधक भिंतींनी वेगळी असावी आणि दोन बाजूंच्या बॅटऱ्या एका खोलीत नसाव्यात. १५ ऑक्टोबर २०२२ रोजी दक्षिण कोरियातील पांग्यो येथे बॅटरीच्या आगीमुळे संपूर्ण इमारतीची वीज तोडावी लागली आणि देशभर वापरली जाणारी संदेशसेवा बंद पडली. आग विझवताना पाणी कुठून कुठे वाहील, हेही नकाशावर काढून पाहा.

उत्तर : ‘रात्रपाळी’, ऐरोली

हस्तांतरणापूर्वीच्या एकत्रित चाचणीत पूर्ण अंधार करून दाखवतात आणि सगळे टाळ्या वाजवतात. तुम्ही अर्ध्या सेकंदाचा खड्डाही मागा. लोड बँकने, म्हणजे सर्व्हरऐवजी वीज खाणाऱ्या चाचणीच्या हीटरांनी, हॉल पूर्ण भारावर तापवून ठेवा, मुख्य ब्रेकर उघडून लगेच मिटवा, आणि प्रत्येक चिलर किती सेकंदांनी परतला ते हातातल्या घड्याळाने लिहा. ही चाचणी निविदेत नसेल, तर ठेकेदार ती करणार नाही.

‘यंत्रविभाग’

निविदेत ही चाचणी स्वतंत्र कलम म्हणून घालतो आहे. भार येण्याचा क्रम लिहिण्यासाठी विद्युत सल्लागारांना शुक्रवारी बोलावले आहे. ७५ घनमीटरची टाकी गच्चीवर न नेता मागच्या अंगणात, क्रेनच्या वाटेवर दाखवली आहे. पावसाळ्यात तिथे पाणी साचते का, हे पाहायला उद्या सकाळी जागेवर जातो आणि शेजारच्या कारखान्याच्या पहारेकऱ्यालाही विचारून येतो.